काठावरून बास मासेमारी: परवान्यापासून मासा परत सोडेपर्यंत

न्यू जर्सीत एप्रिल उजाडला की आपल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: “सकाळपासून उभे आहोत, एकही मासा लागला नाही, आता कुठलं आमिष आणू?” बहुतेक वेळा दोष आमिषाचा नसतोच. रिळात लाइन उलटी भरलेली असते, गळ तळ्याच्या मधोमध फेकलेला असतो आणि आमिष पाण्यात पडतं न पडतं तोच माणूस हँडल फिरवायला लागलेला असतो. या तीन चुका कायम ठेवून शंभर डॉलरचं नवं सामान आणलं, तरी निकाल तोच लागणार.

हा लेख फक्त लार्जमाउथ बाससाठी आहे. गोडं पाणी, पाय जमिनीवर, हातात साधा स्पिनिंग रॉड, एवढीच त्याची हद्द. समुद्रातला स्ट्राइप्ड बास आणि मासळीच्या दुकानातला ब्लॅक सी बास हे वेगळे मासे. त्यांची जागा, सामान आणि नियम सगळंच निराळं. नियमांसाठी उदाहरण न्यू जर्सीचं घेतलं आहे. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर पहिला टप्पा तुमच्या राज्याच्या नियमांनी बदला, बाकीचं जसंच्या तसं चालेल.

## टप्पा १: परवाना, तारखा आणि जागेची परवानगी

न्यू जर्सीत १६ ते ६९ या वयातल्या प्रत्येकाला गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी परवाना लागतो. तो राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ विभागाच्या संकेतस्थळावर किंवा खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात मिळतो. रहिवासी म्हणून कमी दर मिळायला राज्यात सलग सहा महिने राहिलेलं असावं लागतं. तिथे नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. परवाना ३१ डिसेंबरला संपतो, मग तो जानेवारीत घेतलेला असो वा ऑक्टोबरमध्ये. म्हणून वसंतात घेतलेला बरा.

मुलांच्या बाबतीत एक घोळ नेहमी होतो. मुलगी दहा वर्षांची, तिला परवाना नको, म्हणून बाबाही बिनपरवान्याचे येतात. थोड्या वेळाने मुलगी बदकांमागे जाते आणि रॉड बाबांच्या हातात राहतो. त्या क्षणापासून मासे बाबा पकडत असतात, आणि तपासणीला आलेला अधिकारी तेच पाहतो.

बासच्या तारखा पाठ करा. १५ एप्रिल ते १५ जून हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ. या दोन महिन्यांत बास पकडता येतो, पण ठेवता येत नाही, ताबडतोब पाण्यात सोडावा लागतो. एरवी किमान लांबी १२ इंच आणि दिवसाला पाच मासे ही सर्वसाधारण मर्यादा आहे. काही तलावांना याहून कडक नियम आहेत, त्यामुळे दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत आपल्या तळ्याचं नाव शोधायचा आळस करू नका.

परवाना म्हणजे कुठल्याही पाण्यावरचा हक्क नव्हे. अपार्टमेंट संकुलातलं पावसाचं पाणी साठवायचं तळं खासगी असतं, तिथे ऑफिसात विचारावं लागतं. काउंटीच्या पार्कांना त्यांचे वेळेचे नियम असतात. नेवार्क शहराच्या पाणलोटातल्या जलाशयांसाठी वेगळी परवानगी काढावी लागते.

“पकडलेला मासा खायचा का?” हा प्रश्न कोकणातून आलेल्या माणसाला पडणारच. नियमात बसत असेल तर खाता येतो. पण बास हा तळ्यातला वरच्या पायरीचा शिकारी असल्यामुळे त्याच्या अंगात पारा साठतो, आणि राज्य सरकार कोणत्या पाण्यातला मासा किती वेळा खावा याची सूचना काढतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी ती जास्त कडक आहे. माझं मत विचाराल तर खायला बाजारातला मासा आणा आणि तळ्यातला बास परत सोडा.

तपासा: परवाना जवळ आहे. आजची तारीख कोणत्या नियमात बसते ते माहीत आहे. तळं कोणाचं आहे ते माहीत आहे.

## टप्पा २: सामान, आणि काय घेऊ नये

एक रॉड पुरतो. साडेसहा ते सात फूट लांब, त्यावर ‘मीडियम’ ताकद आणि ‘फास्ट’ ॲक्शन छापलेलं असावं. रीळ स्पिनिंग प्रकारचं, २५०० आकाराचं. रॉड आणि रीळ जोडीने पन्नास ते ऐंशी डॉलरमध्ये चांगलं मिळतं. लाइन दहा पौंडी मोनोफिलामेंट, म्हणजे एकेरी नायलॉनचा धागा. फ्लुरोकार्बन आणि वेणीची लाइन चांगली असते, पण त्यांचे नखरे नंतर सांभाळा.

बाकी यादी लहान आहे:

- पाच इंची रबरी गांडूळ, सेन्को पद्धतीचं, एक पाकीट. पाणी स्वच्छ असेल तर हिरवट-तपकिरी रंग, गढूळ असेल तर काळा-निळा.
- वॅकी गळ (वॅकी आणि टेक्सस या आमिष लावायच्या दोन पद्धती, टप्पा ५ मध्ये पाहू), १/० आकार, आणि गांडुळावर चढवायची छोटी रबरी कडी.
- वाकड्या मानेचा रुंद गळ, ३/० आकार, टेक्सस रिगसाठी.
- बंदुकीच्या गोळीच्या आकाराची वजनं, १/८ औंस. शिशाऐवजी टंगस्टन किंवा पोलादाची घ्या. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे, आणि पाणपक्ष्यांना शिसं बाधतं.
- लांब चिमटा, नखं कापायचं कटर, ओलं करायला एक फडकं.
- पोलराइज्ड गॉगल. याला चैन समजू नका. त्याशिवाय पाण्याखालचं झाड दिसत नाही, आणि मासा त्याच झाडाखाली असतो.

काय घेऊ नये? आडव्या ड्रमचं बेटकास्टर रीळ. टीव्हीवरच्या स्पर्धांत सगळ्यांच्या हातात तेच असतं, पण अंगठ्याचा अंदाज चुकला की लाइनचं घरटं होतं आणि सकाळ ते सोडवण्यात जाते. तीन तोंडी गळांची चमकदार प्लॅस्टिक मासोळीही सध्या नको: काठावरच्या झुडपात अडकते, आणि शेजारी मुलं उभी असतील तर धोकाच. दीडशे वस्तू भरलेली तयार पेटी तर अजिबात नको. त्यातल्या बहुतेक वस्तू बाससाठी नसतातच.

## टप्पा ३: रिळात लाइन भरणं

या टप्प्याला घरी अर्धा तास द्या. रॉडसोबत आधीच भरून आलेली लाइन महिनोन्‌महिने गोदामात गुंडाळलेली असते, तिला स्प्रिंगसारखे वेटोळे पडलेले असतात. ती काढून टाका.

१. रिळावर तारेची एक कमान असते, तिला बेल म्हणतात. सर्वांत आधी ती उघडा. बंद कमानीत स्पूलला, म्हणजे लाइन जिच्यावर गुंडाळली जाते त्या चरकीला, लाइन बांधली, की नंतर हँडल फिरतं पण लाइन भरतच नाही. नवशिक्यांची ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे, आणि ती लक्षात येते तेव्हा गाठ घट्ट बसलेली असते.

२. लाइन रॉडच्या टोकाच्या कडीतून खालपर्यंत, प्रत्येक कडीतून ओवून आणा. एखादी कडी सुटली तर आत्ताच पाहा.

३. स्पूलभोवती लाइन फिरवून तिच्या टोकाला साधी गाठ मारा, आणि त्या टोकाने मूळ लाइनभोवती दुसरी साधी गाठ मारा. ओढलं की पहिली गाठ दुसरीवर येऊन अडकते आणि फास आवळतो. उरलेलं टोक कापा. आता कमान बंद करा.

४. नव्या लाइनचं भेंडोळं जमिनीवर आडवं ठेवा, लेबल वर. ओल्या फडक्यात लाइन चिमटीत धरून ताण द्या आणि वीसेक वेढे भरा.

५. थांबा. रॉड भेंडोळ्याकडे झुकवून लाइन सैल सोडा. तिला पीळ पडून गुंता होत असेल तर भेंडोळं उलटं करा, लेबल खाली. मग पुढे भरा.

६. स्पूलच्या कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर जागा राहिली की थांबा. काठोकाठ भरलेली लाइन फेकताना झुबक्याने बाहेर पडते. कमी भरलेली लांब जात नाही.

सावध: ताण न देता भरलेली लाइन हाताला सैल, फुगीर लागते. ती पहिल्याच फेकीत गुंतणार. पुन्हा काढून भरा, कंटाळा करू नका.

## टप्पा ४: गाठ आणि ड्रॅग

एकच गाठ शिका, पालोमार. लाइनचं टोक सहा इंच दुमडून दुहेरी करा. ती दुहेरी लाइन गळाच्या नेढ्यातून आरपार काढा. त्याच दुहेरी लाइनने सैल साधी गाठ मारा, गळ खाली लोंबत राहील असं धरून. आता फास मोठा करून त्यातून संपूर्ण गळ पलीकडे काढा. थुंकीने किंवा पाण्याने गाठ ओली करा, मग दोन्ही टोकं धरून सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच लाइन कमकुवत होते. मासा गेल्यावर लाइनच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ दिसला, तर गाठ सुटलेली असते. माशाने लाइन तोडलेली नसते.

रिळाच्या पुढच्या बाजूची चकती म्हणजे ड्रॅग. माशाने जोर लावला की लाइन कितपत सुटू द्यायची ते ती ठरवते. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांशावर ड्रॅग सुटायला हवा, म्हणजे दहा पौंडी लाइनला अडीच ते तीन पौंड. यासाठी वेगळं यंत्र नको. भारतात जाताना बॅगा मोजायचा जो हातकाटा घरी पडलेला असतो, त्याला लाइन बांधा, रॉड तिरका धरा आणि ओढा. तीन पौंडांच्या आसपास रीळ करकरत लाइन सोडू लागलं की झालं.

तपासा: गाठ मारलेला गळ फडक्यात धरून जोरात ओढला. सुटला नाही. लाइनचं जादा टोक कटरने जवळ कापलं.

## टप्पा ५: आमिष लावणं, दोनच पद्धती

वॅकी. गांडुळाच्या मध्यावर रबरी कडी चढवा आणि गळ त्या कडीखालून घाला. दोन्ही टोकं मोकळी लोंबतात. वजन काही लावायचं नाही. या गांडुळात मीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे ते स्वतःच पुरेसं जड असतं आणि दोन्ही टोकं थरथरवत हळूहळू खाली जातं. कडी टाळून गळ थेट गांडुळातून घातला तर दोन माशांत गांडूळ फाटतं.

टेक्सस. जिथे झाडं, कमळपानं, शेवाळ आहे तिथे वॅकी सतत अडकेल. तिथे ही वापरा. क्रम असा:

१. गळ बांधण्याआधी गोळीच्या आकाराचं वजन लाइनमध्ये ओवा, टोकदार बाजू रॉडकडे. गळ बांधून झाल्यावर हे करता येत नाही, पुन्हा गाठ मारावी लागते.

२. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात मधोमध, सुमारे ६ मिलिमीटर आत घाला आणि बाजूने बाहेर काढा.

३. गळ ओढत जा, नेढं डोक्यात लपेपर्यंत. मग गळ अर्धा फिरवा, टोक गांडुळाकडे वळेल असा.

४. गळाची वाकडी बाजू गांडुळाशेजारी लोंबू देऊन तो कुठे टेकतो ते पाहा. नेमक्या त्याच जागी टोक आरपार घाला.

५. बाहेर आलेलं टोक गांडुळाच्या पाठीत जेमतेम रुतवा, म्हणजे ते गवतात अडकत नाही.

तपासा: गांडूळ लाइनवर सरळ लोंबतं आहे का? चौथ्या पायरीत अंदाजाने कुठेही टोचलं की ते वाकतं. वाकडं गांडूळ पाण्यात गरगर फिरतं, लाइनला पीळ पडतो आणि मासा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

## टप्पा ६: गवतावर सराव

पाण्यावर जाऊन फेकायला शिकू नका. गळाऐवजी छोटं वजन बांधा आणि मैदानात बादली ठेवून सराव करा.

रिळाचा दांडा मधल्या बोटांमध्ये धरा. टोकापासून फूटभर लाइन लोंबू द्या. तर्जनीने लाइन रॉडला अडकवून धरा, कमान उघडा. मागे पाहा. रॉड खांद्याच्या मागे न्या, मनगटाने झटका देऊन पुढे आणा आणि रॉड लक्ष्याच्या रोखाने येताच बोट सोडा. वजन आकाशात गेलं तर बोट लवकर सुटलं, पायाशी आपटलं तर उशिरा. एवढाच हिशेब आहे. ताकद लावायची गरज नाही.

वजन पडल्यावर कमान हाताने बंद करा आणि लाइन बोटाने हलकेच ताणा. हँडल फिरवून कमान बंद केली तर स्पूलवर एक सैल वळसा राहतो, आणि पुढच्या कुठल्यातरी फेकीत तोच वळसा मोठी गुंतवळ बाहेर काढतो. स्पिनिंग रिळाच्या निम्म्या तक्रारी या एका सवयीने मिटतात.

तीस फुटांवरच्या बादलीजवळ दहातल्या सहा फेकी पडू लागल्या की पुरे. शंभर फूट फेकायचा मोह आवरा, का ते पुढच्या टप्प्यात कळेल.

## टप्पा ७: पाणी वाचणं

छोटं तळं निवडा. राउंड व्हॅलीसारखा १८० फुटांपर्यंत खोल जलाशय फोटोला सुंदर आहे, पण काठावर उभ्या नवशिक्याला तिथे बास शोधणं अवघड. वेस्ट विंडसरचा मर्सर लेक, हॉवेलचा मॅनास्क्वान जलाशय ही बासची नावाजलेली ठिकाणं, पण तिथेही तुमच्या हाती लागणारी पट्टी काठाजवळचीच. घराजवळचं पार्कातलं तळं, ज्याला अर्ध्या तासात वळसा घालता येतो, ते सुरुवातीला सर्वांत चांगलं.

बास लपून हल्ला करणारा मासा आहे. त्याला आडोसा, सावली आणि खाणं जवळजवळ हवं असतं, आणि हे तिन्ही काठाला असतं. काठावर उभं राहून सगळी ताकद लावून मध्यावर फेकणारा माणूस माशांवरून पलीकडे फेकत असतो. (गंमत म्हणजे नावेतली माणसं मध्यावरून काठाकडे फेकत असतात.)

पाण्याजवळ जाण्याआधी दहा पावलं मागे थांबून या गोष्टी शोधा: पडलेलं झाड, कमळपानांची कड, लाकडी धक्क्याची सावली, पाणी आत येणारा पाइप, गवत संपून खोल पाणी सुरू होतं ती रेघ, पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक. यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर तिथून सुरुवात करा.

ऋतूप्रमाणे जागा बदलते. पाणी ६० ते ६५ फॅरनहाइटच्या आसपास आलं की नर बास उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून थाळीएवढी फिकट, गोल जागा करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. असा जागचा न हलणारा मासा दिसला तर त्याला सोडून पुढे जा. तो जागेवरून हलला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंडी फस्त करतात. जुलै-ऑगस्टमध्ये पहाट आणि संध्याकाळ; दुपारी गेलातच तर दाट सावलीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बास छोट्या माशांच्या थव्यांमागे असतो, पाण्यावर अचानक खळबळ दिसली की तिथे फेका. पाणी ५० फॅरनहाइटच्या खाली गेलं की सगळं इतकं मंदावतं की नवशिक्याने घरी बसावं.

सावध: पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग किंवा वाटाण्याच्या सूपसारखं पाणी दिसलं तर तिथे थांबू नका, मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा. विषारी शेवाळाची ती खूण असू शकते. २०१९ च्या उन्हाळ्यात लेक होपॅटकॉंगला यामुळेच लोकांना पाण्यात न उतरण्याचा इशारा द्यावा लागला होता. काठच्या उंच गवतात गोचीड असतात आणि लाइम रोग इथे सर्रास होतो: पायमोजे पँटवर ओढा, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि केसांत पाहा. तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावू नका, ती पॉइझन आयव्ही असायची शक्यता मोठी.

## टप्पा ८: फेकणं आणि हात स्वस्थ ठेवणं

मासे इथेच मिळतात किंवा हुकतात.

काठावर जोरात पाय आपटत जाऊ नका आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. पहिली फेक काठाला समांतर, डावीकडे. दुसरी उजवीकडे, तीही समांतर. त्यानंतर तिरकी, आणि समोर सरळ सर्वांत शेवटी. लक्ष्य झाड असेल तर झाडाच्या डोक्यावर न फेकता त्याच्या थोडं पलीकडे फेकून शेजारून आणा.

वॅकी गांडूळ पाण्यात पडलं की कमान बंद करा, लाइन जेमतेम सैल ठेवा आणि हँडलवरून हात काढा. मनात दहा मोजा. गांडूळ खाली जात असताना लाइनकडे टक लावून पाहा. बहुतेक मासे याच वेळी, पहिल्या बुडीत, लागतात. काही झालं नाही तर रॉडचं टोक फूटभर सावकाश उचला, पुन्हा खाली आणा, सैल झालेली लाइन गुंडाळा, पुन्हा दहा मोजा. असं तीनदा. मग लाइन परत घ्या, तीही हळू, कारण वॅकी गांडूळ जोरात ओढलं की फिरकीसारखं फिरून लाइनला पीळ घालतं.

टेक्सस रिग तळापर्यंत जाऊ द्या. लाइन ढिली पडली की तळ आला. मग आमिष रॉडने हलवा; रिळाचं काम फक्त सैल लाइन गुंडाळण्याचं. रॉड घड्याळाच्या नऊवरून अकरावर न्या, थांबा, परत खाली आणा, सैल लाइन गुंडाळा. सतत हँडल फिरवत राहिलात तर आमिष तळापासून तीन फूट वर तरंगत येतं आणि त्याचा उपयोग शून्य.

मासा लागल्याचं कसं कळतं? बारीक टुकटुक म्हणजे बहुधा ब्लूगिल शेपटी कुरतडत आहे. बासचा एकच ठोका असतो, किंवा ठोकाही नाही, लाइन आपोआप बाजूला सरकू लागते. कधी तळ येण्याआधीच लाइन ढिली पडते, कधी ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं. शंका आली तर मासा आहे असं समजा.

## टप्पा ९: गळ रुतवणं आणि मासा आणणं

आधी सैल लाइन गुंडाळून माशाचं वजन जाणवू द्या. वॅकीचा गळ उघडा असतो, म्हणून झटका नको. गुंडाळत रॉड बाजूला दाबून न्या. टेक्ससमध्ये गळाला गांडूळ फोडून बाहेर यायचं असतं, तिथे रॉड वर जोरात ओढा. सैल लाइनवर दिलेला झटका गळापर्यंत पोचतच नाही. “लागला होता, सुटला” या हळहळीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

पुढे एकच नियम, लाइन ताणलेली ठेवा. बास पाण्याबाहेर उडी मारू लागला तर रॉडचं टोक खाली, पाण्याकडे न्या. ड्रॅग करकरत असताना हँडल फिरवू नका, मासा जवळ येत नाही आणि पीळ मात्र पडतो. रॉड डोक्यामागे नेऊन मासा उचलायचा प्रयत्न केला तर रॉडचं टोक मोडतं. तिथून रॉड आडवा करून माशाला काठाकडे वळवा.

सावध: हात घालण्याआधी मासा ओळखा. न्यू जर्सीच्या तळ्यांत त्याच आमिषाला चेन पिकरेल लागतो. लांबट, बदकाच्या चोचीसारखं तोंड, अंगावर साखळीची नक्षी, आणि तोंडात सुऱ्यांसारखे दात. त्याच्या तोंडात बोट घालायचं नाही. बास जाडजूड, हिरवट, कुशीला काळसर पट्टा, जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जाणारा. त्याचे दात खरखरीत पॉलिशपेपरइतकेच.

## टप्पा १०: हातात घेणं आणि सोडणं

हात आधी पाण्यात बुडवा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. अंगठा खालच्या ओठावर, बाकी बोटं हनुवटीखाली. मासा उभा लोंबता धरा. आडवा धरून फोटो काढायचा असेल तर दुसरा हात पोटाखाली हवाच, नुसत्या जबड्यावर वजन आडवं टाकलं की जबडा दुखावतो. गवतावर, वाळूवर, गरम धक्क्यावर ठेवू नका.

चिमट्याने गळ ज्या वाटेने गेला त्याच्या उलट वाटेने फिरवून काढा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकला असेल तर हे काम क्षणात होतं, आणि कधी गळ माणसाच्या बोटात घुसला तर तेव्हाही हाच शहाणपणा उपयोगी पडतो. गळ घशात खोल गेला असेल आणि सहज दिसत नसेल, तर ओढाताण न करता लाइन जवळून कापा. मासा बाहेर काढताना तुम्ही श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की माशाला पाण्यात जायची वेळ झाली. पाण्यात सोडताना फेकू नका. ओठ धरून उभा ठेवा, त्याने स्वतःहून शेपूट मारली की सोडा.

मासा सोडल्यावर गळाजवळची फूट-दोन फूट लाइन बोटांतून फिरवून पाहा. खरखर लागली तर तेवढी कापा आणि गाठ पुन्हा मारा. हे कोणी करत नाही, आणि पुढचा मोठा मासा त्याच खरखरीवर लाइन तोडून जातो.

## काहीच लागत नसेल तर

बदल करायचा क्रम असा. आधी जागा बदला: एका ठिकाणी दहा-बारा फेकी झाल्या की पुढच्या आडोशाकडे चाला, तळ्याला पूर्ण वळसा घाला. मग वेग बदला, म्हणजे जवळजवळ नेहमीच कमी करा. दहाऐवजी वीस मोजा. त्यानंतर खोली, वॅकीऐवजी टेक्सस. रंग सर्वांत शेवटी. लोक हे नेमकं उलट्या क्रमाने करतात, एकाच दगडावर उभे राहून पाकिटातले सगळे रंग पाण्याला दाखवतात.

वळसा पूर्ण झाला आणि ऊन डोक्यावर आलं, तर त्या दिवशी थांबा आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या तासभर आधी त्याच तळ्यावर, सकाळी सावली होती त्याच्या समोरच्या काठावर जा. निघताना कापलेल्या लाइनचे तुकडे खिशात घालून न्या, त्यात बदकांचे पाय अडकतात. घरी ड्रॅग पूर्ण सैल करून रॉड उभा ठेवा. ड्रॅग आवळलेलाच राहिला तर आतल्या चकत्या चिकटतात. सैल केल्यामुळे पुढच्या खेपेला मात्र हातकाट्याची तीच तपासणी पुन्हा करावी लागते.